दोन मोटारींएवढी जागा

मुलुंड स्थानकाच्या पश्चिमेस उतरून पाच रस्त्याकडे चालू लागले म्हणजे ज्या काटकोनांत आखलेल्या सरळ रस्त्यांवरून आपण जातो, त्यांचा आराखडा १९२२ च्या सुमारास क्राउन आणि कार्टर या वास्तुविशारदांनी तयार केला. आणि ज्या काळी या बाजूला मोटारगाडी ही वाटसरूंनी थांबून पाहावी अशी अपूर्वाईची वस्तू होती, त्या काळी एवढे ऐसपैस रस्ते आखण्यात वारा खेळावा, घरांच्या दारांत ऊन यावे आणि माणसांना मोकळेपणी येता-जाता यावे, याहून वेगळा हेतू असेल असे मला वाटत नाही. आज त्याच रस्त्यांच्या दोन्ही कडा उभ्या मोटारींनी अशा काही भरून गेल्या आहेत, की पदपथावर फेरीवाल्याचे सामान आणि पदपथाखाली मोटार या दोहोंच्या कचाट्यात सापडलेला पादचारी नाइलाजाने रस्त्याच्या मधोमध चालतो आणि मागून भोंगा वाजला म्हणजे कडेला होऊ पाहतो, तेव्हा त्याला कळून येते की होण्यासारखी कडच शिल्लक उरलेली नाही. मुलुंडचे नाव मी केवळ आरंभासाठी घेतले. अंधेरीचे चार बंगले, बोरिवलीची बाभई, घाटकोपरचे पंतनगर किंवा राजावाडी, यांपैकी कोणत्याही भागातील रहिवाशाने आपल्या गल्लीचे नाव येथे घालून वाचले तरी वर्णनात फारसा फेरफार करावा लागणार नाही.

या गल्ल्यांपैकी प्रत्येकीत, निदान दोन मोटारी उभ्या राहतात एवढी जागा मोटारींकडून काढून घ्यावी आणि तेथे माणसांना बसण्यासाठी कट्टा बांधावा, असे माझे म्हणणे आहे. सूचना इतकी लहान आहे की ती ऐकून कोणी हसावे, आणि तरीही प्रत्यक्षात आणू गेल्यास तिला होणारा विरोध इतका मोठा असेल की हसणारे थक्क व्हावेत.

प्रथम हिशेब पाहू. मुंबईच्या २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्यासोबत जी विकास नियंत्रण नियमावली आली, तिने मोठ्या मोटारीच्या पार्किंगसाठी अडीच मीटर रुंद आणि साडेपाच मीटर लांब जागा धरली आहे. गुणाकार केला तर ती पावणेचौदा चौरस मीटर भरते. याच शहरात उद्याने, मैदाने आणि क्रीडांगणे मिळून माणशी मोकळी जागा सव्वा चौरस मीटरच्या आसपास पडते, असे सर्वसाधारणपणे सांगितले जाते. केंद्र सरकारच्या नगरनियोजनविषयक मार्गदर्शक तत्त्वांत हेच प्रमाण दहा ते बारा चौरस मीटर असावे अशी अपेक्षा आहे. अर्थात गल्लीच्या कडेला जेथे एक मोठी मोटार दिवसभर निश्चल उभी असते, तेथे अकरा मुंबईकरांच्या वाट्याची मोकळी जागा तिच्या चाकांखाली असते. ही मोटार दिवसातून तासभर चालते की दोन तास, हा प्रश्न मी मुद्दामच विचारत नाही, कारण उत्तर मोटारवाल्यांनाही ठाऊक आहे. आणि शहरातील माणसे प्रवास कशी करतात हे पाहावे, तर २००८ च्या सर्वंकष वाहतूक अभ्यासात निम्म्याहून अधिक फेऱ्या पायी होत असल्याचे आढळले होते. ज्यांच्या पायांवर हे शहर चालते त्यांच्यासाठी वाटेत क्षणभर टेकायला फूटभर रुंदीचा दगडही नसावा आणि ज्या वाहनांचा या येरझारीतला वाटा अल्प, त्यांच्यासाठी मात्र रस्त्याच्या दोन्ही कडा राखून ठेवाव्यात, या वाटपाला न्यायाच्या कोणत्या तत्त्वाचा आधार आहे, हे निदान मला तरी उमगलेले नाही.

मालकीविषयी तर आपल्या मनांत विलक्षण गोंधळ आहे. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या अधिनियमातील कलम २८९ अन्वये सार्वजनिक रस्ते महापालिकेकडे निहित आहेत. अंधेरी-घाटकोपर १९५० साली आणि बोरिवली-मुलुंड १९५७ साली बृहन्मुंबईच्या हद्दीत आले, तेव्हापासून येथील गल्ल्यांनाही हाच कायदा लागू आहे. परंतु इमारतीच्या फाटकासमोरची जागा ही आपल्या सदनिकेबरोबर आपल्याला इनाम मिळाली असावी, अशा थाटात माणसे तेथे कुंड्या, मोडक्या खुर्च्या, जुनी टायरे आणि दगड मांडून ठेवतात. आपण कचेरीतून परत येईपर्यंत दुसऱ्या कोणाची मोटार तेथे लागू नये, एवढाच त्या मांडणीचा हेतू. फाटकाच्या आतल्या पार्किंगविषयी मात्र आपल्याच उपनगरातून निघालेला एक दावा थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. दहिसरच्या आनंदनगरातील पांचाली सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या त्या प्रकरणात, इमारतीखालच्या खांबांमधली पार्किंगची जागा ही सर्व सदनिकाधारकांच्या सामाईक वापराची असून विकासकाला ती स्वतंत्रपणे विकता येणार नाही, असा निर्णय ३१ ऑगस्ट २०१० रोजी लागला आणि गृहनिर्माण संस्थांच्या सर्वसाधारण सभांत त्याचे दाखले कितीतरी वर्षे दिले जात राहिले. फाटकाच्या आत जे सामाईक आहे त्याच्यासाठी आपण दिल्लीपर्यंत जातो आणि फाटकाच्या बाहेर जे अधिक व्यापक अर्थाने सामाईक आहे तेथे कुंडी ठेवून कब्जा करतो. ही विसंगती कोणालाही टोचत नाही, याचे मला राहून राहून आश्चर्य वाटते.

आता कोणी म्हणेल की मोटारी हलवायच्या कशा? एकदा मिळालेली वहिवाट कोण सोडील? त्यावर माझे उत्तर असे, की आपण ती दर वर्षी सोडतो, आनंदाने सोडतो आणि वर्गणी देऊन सोडतो. श्रावण संपत आला की उपनगरांतील गल्लोगल्ली बांबू येऊन पडतात आणि ज्या जागेवरून वर्षभर शेजाऱ्यांत तंटे झाले, ती जागा मंडळाचे चार कार्यकर्ते निरोप घेऊन आले एवढ्यावर एका रात्रीत मोकळी होते. मांडव उभा राहतो; दहा-अकरा दिवस त्या जागेत आरती होते, मुलांच्या चित्रकलेच्या स्पर्धा होतात, रक्तदान होते, रात्री जागवली जाते, आणि दुसऱ्या मजल्यावरची आजी व तळमजल्यावरचा नवा भाडेकरू यांची वर्षातली पहिली भेट तेथे मांडलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर होते. बोरिवली, मुलुंड आणि घाटकोपर येथील गुजराती वस्तीत पुढच्याच महिन्यात नवरात्र येते, आणि तेव्हाही मोटारी अशाच निमूटपणे कोठेतरी जातात. त्या जातात कोठे, हा प्रश्न त्या दिवसांत कोणीच विचारीत नाही, कारण प्रत्येक मोटार कोठे ना कोठे सामावली जाते. जो समाज विघ्नहर्त्यासाठी भाद्रपदात रस्ता मोकळा करू शकतो, त्याला मार्गशीर्षात शेजारच्या वृद्धासाठी दोन मोटारींएवढी जागा मोकळी करता येत नाही, असे कोणी सांगू लागला तर ते अशक्यतेचे कारण नसून अनिच्छेचे आहे, हे ओळखायला वेळ लागू नये.

आणि हे सर्व कायद्याच्या कक्षेत होते, ही गोष्ट मला विशेष महत्त्वाची वाटते. वर सांगितलेल्या अधिनियमाचे कलम ३१७ सणासमारंभाच्या प्रसंगी पोलीस आयुक्तांच्या संमतीने रस्त्यावर तात्पुरते मांडव घालण्यास लेखी परवानगी देण्याचा अधिकार महापालिका आयुक्तांना देते. म्हणजे रस्त्याचा काही भाग ठरावीक मुदतीसाठी वाहनांकडून काढून लोकांच्या एकत्र येण्याला द्यावा, ही कल्पना कोणा परदेशी नगररचनाकाराने आपल्याला शिकवलेली नसून राणीच्या राज्यात, या शहरात मोटारी धावू लागण्यापूर्वी, कायद्यात लिहिली गेली आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ठाण्यातून दाखल झालेल्या याचिकेवर २०१५ साली मांडवांना जी शिस्त घालून दिली, तिचे सार हेच की उत्सवासाठी परवानगी मिळेल, पण रहदारीला आणि पादचाऱ्याला अडथळा करून मिळणार नाही. मला हा दंडक मान्य आहे. इतकेच नव्हे, तर तोच दंडक गल्लीत उभ्या असलेल्या प्रत्येक मोटारीला लावावा अशी माझी मागणी आहे. मांडवाच्या खांबासाठी रस्त्यात खड्डा खणला तर मंडळाला दंड भरावा लागतो, अर्ज करावा लागतो, वाहतूक पोलिसांचा ना-हरकत दाखला आणावा लागतो; मोटार मात्र वर्षाचे बारा महिने विनाअर्ज, आणि उपनगरांतील बहुसंख्य गल्ल्यांत विनामोबदला, त्याच जागेवर नांदते. या दोघांपैकी अतिक्रमण कोणाचे?

या दिशेने आपल्याकडे काहीच झालेले नाही असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. २०१४ च्या नोव्हेंबरात वांद्रे ते सांताक्रूझ या पट्ट्यातील रस्ते रविवारी सकाळी वाहनांना बंद करून लोकांना चालायला, खेळायला देण्याचा उपक्रम सुरू झाला होता. पुढे २०२२ च्या मार्च महिन्यात मुंबईचे तत्कालीन पोलीस आयुक्त संजय पांडे यांनी रविवारच्या सकाळी शहरातील काही रस्ते वाहनमुक्त करण्याचे फर्मान काढले, आणि त्यांत अंधेरीचा लोखंडवाला भाग व मुलुंडचा तानसा जलवाहिनीलगतचा रस्ता यांचा समावेश होता. लोक आले, मुलांनी सायकली काढल्या, कोणी योगासने केली, वृत्तपत्रांत छायाचित्रे छापून आली. त्याच वर्षीच्या जूनअखेर पांडे निवृत्त झाले आणि पहिल्या रविवारांचा तो उत्साह पुढे उरला नाही. आयुक्तांच्या हेतूविषयी मला आदरच आहे. परंतु जो हक्क एका अधिकाऱ्याच्या हुकमाने मिळतो तो त्याच्या निवृत्तीबरोबर दप्तरात जातो, आणि रविवार सकाळचे चार तास हे आधीच धावू शकणाऱ्यांच्या उपयोगी पडतात. ज्यांना धावता येत नाही, ज्यांना फक्त बसायचे आहे आणि तेही सोमवारी दुपारी, त्यांच्यासाठी त्या योजनेत जागा नव्हती.

ही माणसे कोण, हे जरा सावकाश पाहिले पाहिजे, कारण कट्टा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे निवृत्त गृहस्थांची संध्याकाळची बैठक येते आणि मग हा सगळा प्रश्न पेन्शनरांच्या करमणुकीचा वाटू लागतो. सकाळी आठच्या सुमारास अंधेरी, बोरिवली, घाटकोपर येथल्या ठरलेल्या नाक्यांवर रंगारी, गवंडी, बिगारी कामगार कोणीतरी येऊन आजच्या दिवसासाठी आपल्याला नेईल या आशेने उभे असतात. काम मिळाले नाही तर दहा-अकरा वाजेपर्यंत उभेच राहतात, कारण दुकानाच्या पायरीवर बसले तर दुकानदार उठवतो. दुपारी एकच्या पुढे घरकाम करणाऱ्या बायका दोन घरांच्या मधला तास-दीड तास काढण्यासाठी पदपथाच्या कडेवर, दोन मोटारींच्या बंपरांमधल्या फटीत, डबा उघडून बसलेल्या दिसतात. लोखंडवाल्यात आणि चार बंगल्यांत घरोघर खाणे पोचवणारी पोरे पुढची ऑर्डर येईपर्यंत आपल्याच दुचाकीवर आडवी होतात. शाळा सुटण्याच्या वेळी आया आणि आज्या फाटकासमोर उन्हात तिष्ठतात. महापालिकेच्या दवाखान्यातून परतणारा, गुडघे दुखणारा माणूस दर शंभर पावलांवर एखाद्या मोटारीच्या टपाला हात टेकून श्वास घेतो आणि लगेच त्या मोटारीचा भोंगा किंचाळू लागतो. अशा माणसांना उद्यान उपयोगाचे नाही, कारण उद्यान दूर असते, दुपारी बंद असते, आणि दारावरचा रखवालदार डबा उघडू देत नाही. त्यांना जे हवे ते वाटेवरच हवे.

असे वाटेवरचे बसणे आपल्या संस्कृतीला परके थोडेच आहे? गावाच्या वडाखालचा पार, ग्रामसभेची चावडी, वाड्याचा ओटा यांची आठवण देऊन मी वाचकांना हळवे करू इच्छित नाही, उपनगरातच पाहावे. आंबोली, मरोळ, वेसावे या जुन्या गावठाणांत गल्लीच्या तोंडाशी क्रूस असतो, त्याच्या चौथऱ्याला लागून बसायला जागा असते आणि संध्याकाळी ती रिकामी नसते. दादरला शिवाजी पार्कच्या कठड्याने मराठी मध्यमवर्गाच्या दोन-तीन पिढ्यांच्या गप्पा ऐकल्या. गिरणगावापासून उपनगरांपर्यंत नाक्यानाक्यावर पत्र्याच्या छपराखाली वृत्तपत्र वाचनालये उभी राहिली. त्यांत तिरक्या फळीवर लावलेली चार मराठी वर्तमानपत्रे, एक बाकडे आणि खडूने लिहायचा फलक असतो. त्यांच्यावर शाखेचे किंवा पक्षाचे नाव असते हे खरे, आणि कित्येकदा देणगीदार नगरसेवकाच्या नावाची अक्षरे बाकाच्या फळीपेक्षा रुंद असतात हेही खरे. तरीसुद्धा ज्याला पेपर विकत घेणे परवडत नाही असा माणूस तेथे उभा राहून अग्रलेख वाचतो, हे दृश्य मला कोणत्याही सांस्कृतिक भवनापेक्षा अधिक सांस्कृतिक वाटते. पुनर्विकासाने आता या सर्वांवर नांगर फिरवला आहे. चार मजल्यांच्या जुन्या इमारती जाऊन तेथे वीस-बावीस मजले येतात, खालचे पाच मजले मोटारींना दिलेले असतात, मुलांचे खेळणे वरच्या पोडियमवर चढते, आणि रस्त्याच्या पातळीवर उरते ती भिंत, फाटक व कॅमेरा. नियमावलीने मोटारींसाठी इतके मजले बांधून घेतल्यावरही रस्त्याच्या कडा भरलेल्याच राहतात, याचा अर्थ आतली जागा अपुरी आहे असा करायचा की बाहेरची फुकट आहे असा, हे वाचकांनी ठरवावे.

परदेशातील एका उदाहरणाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही, कारण त्यातली युक्ती आपल्याकडच्या मंडळाच्या कार्यकर्त्याला शोभेल अशी आहे. सॅन फ्रान्सिस्को शहरात २००५ च्या नोव्हेंबरात रीबार नावाच्या कलावंतांच्या एका गटाने पार्किंगच्या यंत्रात रीतसर पैसे टाकले, आणि त्या पैशांत मिळालेल्या दोन तासांसाठी मोटारीऐवजी हिरवळीचा तुकडा अंथरला, एक बाक ठेवला आणि कुंडीतले एक झाड उभे केले. लोक येऊन बसले. पाच वर्षांनी त्याच शहराने अशा जागांसाठी परवान्याची पद्धत घालून दिली आणि तेथून ती जगभर पसरली. आपल्याकडे माटुंग्याला जे घडले ते माझ्या दृष्टीने याहून मोठे आहे. डॉ. आंबेडकर मार्गावरील उड्डाणपुलाखालची जागा, जेथे कधीकाळी मोटारी लागत आणि पार्किंग बंद झाल्यावर नको ते लोक जमू लागले, ती राखण्यासाठी तेथल्या रहिवाशांनी स्वतः पहारे ठेवले, वर्षानुवर्षे महापालिकेचे उंबरठे झिजवले, आणि अखेर २०१६ साली तेथे नानालाल मेहता यांच्या नावाने लांबच लांब बाग उभी राहिली. वरून ट्रक धडधडत जातात आणि खाली माणसे फेऱ्या मारतात, हे ज्यांना अशक्य वाटते त्यांनी किंग्ज सर्कलला एकदा जाऊन यावे.

आक्षेपांपैकी जे गंभीर आहेत ते फेरीवाल्याविषयी आणि रात्रीविषयी आहेत. कट्टा बांधला की सहा महिन्यांत तेथे वडापावची गाडी लागेल, वर्षभरात छप्पर चढेल, आणि रात्री दहानंतर दारूच्या बाटल्या येतील, असे अनुभवी माणसे सांगतात आणि त्यांचे भय मी खोटे ठरवणार नाही. परंतु उजेड असलेल्या, घरांच्या खिडक्या जिच्यावर उघडतात अशा आणि दिवसभर वापरात असलेल्या जागेपेक्षा दोन महिने न हललेल्या मोटारींची काळोखी रांग दारुड्यांना अधिक सोयीची असते, हे रात्रपाळीचा कोणताही पोलीस शिपाई सांगेल. फेरीवाल्याचा प्रश्न २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने सोडवायचा आहे आणि त्याची अंमलबजावणी रखडली म्हणून वृद्धांनी उभे राहावे, हे तर्कशास्त्र मला पटत नाही. एक धोका मात्र मला स्वतःला अधिक वाटतो: उपाहारगृहांचा. परदेशांतील पुष्कळ ठिकाणी अशा जागा हळूहळू हॉटेलांच्या टेबलांनी गिळल्या. तसे लोखंडवाल्यात किंवा मुलुंडच्या खाऊगल्लीत झाले, तर मोटारवाल्याकडून घेतलेली जागा कॉफीवाल्याला दिली एवढाच पुरुषार्थ आपल्या पदरी पडेल. म्हणून काही विकत न घेता बसता येईल, ही अट परवान्याच्या पहिल्या ओळीत असली पाहिजे.

जुन्या इमारतींत राहणाऱ्यांची तक्रार वेगळी आहे आणि ती ऐकून घेण्याजोगी आहे. साठ-सत्तरच्या दशकांतल्या त्यांच्या संस्थांत पार्किंगच नव्हते; पोटाला चिमटा काढून घेतलेली मोटार त्यांनी कोठे ठेवावी? या प्रश्नाचे खरे उत्तर मोटारीच्या संख्येला मर्यादा घालण्यात आहे, आणि ते देण्याचे धैर्य कोणाही राज्यकर्त्यात नाही. जपानने १९६२ सालीच, मोटार ठेवायला जागा असल्याचा दाखला आणा आणि मग नोंदणी करा, असा कायदा केला. आपल्याकडे परिवहनमंत्री प्रताप सरनाईक यांनी २०२५ साली तसा मनोदय बोलून दाखवला तेव्हा कपाळाला आठ्या घालणाऱ्यांत मोटार नसलेलेही पुष्कळ होते. २०१९ च्या जुलैमध्ये महापालिकेने सार्वजनिक वाहनतळांपासून पाचशे मीटरच्या आत बेकायदा पार्किंग केल्यास पाच हजारांपासून तेवीस हजारांपर्यंत दंड लावला, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! असो. प्रत्येक मोटारवाल्याशी भांडण उकरून काढण्याची मला हौस नाही. गल्लीत जी बेवारस वाहने आहेत, ज्यांची हवा गेलेली आहे, ज्यांच्या काचांवर मुलांनी धुळीत बोटांनी चित्रे काढली आहेत आणि ज्यांच्यावर महापालिकेने डकवलेली नोटीस पावसात विरघळून गेली आहे, त्यांच्यापासून आरंभ करावा. अशा दोन वाहनांची जागा सापडणार नाही अशी गल्ली उपनगरांत विरळाच.

घाईचे कारणही सांगितले पाहिजे. उपनगरांतील रस्ते सध्या खणले जात आहेत. जानेवारी २०२३ मध्ये ज्याचे भूमिपूजन झाले त्या सिमेंट काँक्रीटीकरणाच्या पहिल्या टप्प्यात जवळजवळ चारशे किलोमीटर रस्ते आणि सहा हजार कोटींहून अधिक रुपये यांचा हिशेब होता, आणि दुसरा टप्पा त्यामागोमाग आला. काँक्रीटचा रस्ता एकदा झाला की कित्येक वर्षे कोणी त्याला हात लावीत नाही, हाच त्याचा मोठेपणा सांगितला जातो. म्हणून भिंतीपासून भिंतीपर्यंत सलग गुळगुळीत पृष्ठभाग घालून ठेकेदार निघून गेला, तर मोटारीची वहिवाट पुढच्या पिढीपर्यंत पक्की झाली असे समजावे. झाडांच्या बुंध्यांपर्यंत काँक्रीट नेऊन मुळांचा गळा आवळला जातो ही तक्रार आता सर्वत्र ऐकू येते. जेथे पर्जन्यवृक्ष किंवा गुलमोहर आहे तेथेच त्याच्याभोवती माती मोकळी सोडून, दोन मोटारींएवढ्या लांबीचा, गुडघाभर उंचीचा चौथरा घातला, तर झाड जगेल, पावसाचे पाणी मुरेल आणि ऊन लागणार नाही अशी बैठकही मिळेल. त्याला लागणारे सिमेंट रस्त्यावरच मालवाहू गाडीत फिरत असते. मीठचौकीला, मालाडमध्ये, नुसत्या रंगाने आणि हलवता येणाऱ्या अडथळ्यांनी चौकाची जागा पादचाऱ्यांना वाढवून देण्याचा प्रयोग झालेलाच आहे. तेव्हा एखाद्या ठिकाणी मन द्विधा असेल तर आधी तीन महिने बाकडी व कुंड्या ठेवून पाहाव्यात आणि मग काँक्रीट ओतावे.

हे कोणी करावे? २०२२ च्या मार्चपासून कित्येक वर्षे महापालिकेत लोकनियुक्त नगरसेवकच नव्हते, आणि त्या काळात गल्लीच्या माणसाला आपला अर्ज कोणाकडे द्यावा हेही उमजत नसे. माझी मागणी अगदी दफ्तरी स्वरूपाची आहे. अंधेरीचे के पश्चिम, बोरिवलीचे आर मध्य, मुलुंडचे टी आणि घाटकोपरचे एन या विभाग कार्यालयांत गणेशोत्सवाच्या मांडवासाठी जशी अर्जाची पद्धत आहे तशीच या कट्ट्यांसाठी असावी. गल्लीतल्या दहा घरांच्या सह्या आणि वाहतूक पोलिसांचा ना-हरकत दाखला एवढ्यावर सहायक आयुक्तांनी एक वर्षाच्या मुदतीची परवानगी द्यावी. हरकती आल्या तर त्या त्याच जागी, त्याच कट्ट्यावर बसून ऐकाव्यात. आणि मुदत संपताच हरकतदारांची संख्या सह्या करणाऱ्यांहून अधिक भरली तर कट्टा खुशाल काढून टाकावा. कलम ३१७ सणासमारंभापुरते आहे, त्यामुळे वर्षभराच्या परवानगीसाठी धोरण वेगळे लिहावे लागेल. परंतु मांडवांची छाननी करणारे कारकून, नकाशे काढणारे अभियंते आणि दाखले देणारे पोलीस तेच आहेत, आणि अनंत चतुर्दशीनंतर त्यांच्या हाताला या खात्यात काम नसते. पहिले अर्ज कोणत्या गल्लीतून येतील हेही सांगता येते: जेथे मंडळ जुने आहे, वर्गणीचा हिशेब फलकावर लागतो आणि विसर्जनानंतर बांबू उचलताना कार्यकर्त्यांना थोडे सुने सुने वाटते, तेथून.